रिकाम्या खुर्चीचा प्रचार

नवरीच्या चेहऱ्याला ब्लीच लावून झालं, मी तांब्या घेऊन नळाशी गेले, तोटी फिरवली आणि नळ नुसता फुसफुसला. त्या दिवशी पाणी यायचं होतं. आदल्या दिवशीही यायचं होतं, त्याच्या आदल्या दिवशीही. सकाळी नगर परिषदेची गाडी भोंग्यावर सांगून गेली की आज नक्की सुटेल, म्हणून मी त्या पोरीला खुर्चीत बसवलं होतं. दोन दिवसांवर लग्न. चेहरा पांढराशुभ्र, मध्ये फक्त दोन काळे डोळे.

“भाभी,” ती म्हणाली, “मुंडो बळी रियो हे.”

मालवीत मुंडो म्हणजे चेहरा, आणि तो जळत होता हे ती म्हणाली नसती तरी कळत होतं.

आमचं गाव देवास जिल्ह्यातलं, लोहारद्याच्या बाजूचं. नगर परिषद आहे म्हणून त्याला शहर म्हणायचं, इतकंच. घराच्या पुढच्या खोलीत माझं ब्यूटी पार्लर आणि मागे आम्ही तिघं. मिस्टर देवासला कारखान्यात, रोज बसने अप-डाउन करणारे. सासूबाई मूळच्या धारच्या, दरबाराशी जुना संबंध असलेल्या घरातल्या. पण जन्म गेला तो इथल्या सरकारी प्राथमिक शाळेत शिकवण्यात. अख्खं गाव त्यांना ‘बेनजी’ म्हणतं. माझं माहेर राजगढचं, शाळा सगळी हिंदीत झालेली, त्यामुळे माझं मराठी त्यांच्या कानाला टोचायचं. मी “पाणी नाही येऊन राहिलं” म्हटलं की त्या भाजी चिरता चिरता “येत नाहीये” एवढंच म्हणायच्या. सासरे गेल्यापासून आमच्या दोघींत बोलणं असं एवढंच उरलं होतं. माझं पार्लर त्यांना पसंत नव्हतं, पण तसं त्या कधी बोलल्याही नाहीत. त्या कशाबद्दलच काही बोलत नव्हत्या.

तर ती पोर जळतेय, माझ्याकडे माठात पेलाभर पाणी. ते मी तिच्या डोळ्यांच्या कडांना लावलं. मी शेजाऱ्यांकडे धावले, त्यांच्याकडेही रिकामे ड्रम. परत आले तर सासूबाई पार्लरच्या दारात उभ्या. बाहेरून परिषदेचा टँकर चालला होता, मागून पाण्याची धार रस्त्यावर सांडत.

“चला,” त्या म्हणाल्या, आणि नवरीचा हात धरून चालायलाच लागल्या.

आमची ती वरात मी जन्मात विसरणार नाही. पुढे टँकर, मागे नऊवार नेसल्यासारख्या ताठ चालणाऱ्या, पण पाचवारी साडीतल्या सासूबाई, त्यांच्या हाताला धरलेली पांढऱ्या तोंडाची नवरी, केसांत क्लिपा, गळ्यात टॉवेल, आणि सगळ्यांत मागे एका पायात माझी आणि एका पायात मिस्टरांची चप्पल घातलेली मी. सलूनवाला वस्तरा घेऊन बाहेर आला. त्याच्या मागे त्याचं गिऱ्हाईक, अर्ध्या तोंडाला फेस. एका म्हातारबाबांनी नवरीला बघून हातच जोडले.

टँकर वळला तो थेट अध्यक्षांच्या मॅरिज गार्डनमध्ये. आमच्या नगर परिषदेचे अध्यक्ष, म्हणजे गावाने मत देऊन निवडलेला माणूस. आणि हे मॅरिज गार्डन त्यांच्या घरचं. एप्रिल महिना, गावातल्या विहिरींनी तळ दाखवलेला, आणि इथे हिरवळ अशी की गाईने बघितली तर हंबरडा फोडावा. एक माणूस टँकरला पाइप जोडून त्या हिरवळीवर पाणी मारायला लागला.

सासूबाईंनी त्याच्या हातातला पाइप काढून माझ्या हातात दिला. ड्रायव्हर खाली उतरला. “बेनजी, ये तो गार्डन का पानी है.”

“टैंकर पे क्या लिखा है?” सासूबाईंनी विचारलं. “पढ़ो.”

तोही त्यांच्याच वर्गातला. बिचारा सरळ उभा राहिला. “नगर परिषद.”

“आगे.”

“पेयजल.”

“मतलब बताओ.”

“पीने का पानी.”

“शाबास. बैठ जाओ.”

आणि तो खरोखर टँकरच्या पायरीवर बसला.

मी इकडे नवरीचं तोंड धूत होते. थंड पाणी लागल्यावर ती पोर अशी काही सुस्कारली की मलाच बरं वाटलं. एवढ्यात अध्यक्ष आले. पांढरा कुर्ता, कानाला फोन. त्यांनी नवरीकडे पाहिलं नाही, बेनजींकडे पाहिलं नाही, पाहिलं ते नवरीच्या पायाखालच्या पांढुरक्या पाण्याकडे, आणि ओरडले, “अरे, ये केमिकल है! मेरा लॉन खराब हो जाएगा!”

नवरी तोपर्यंत रडायच्या बेतात होती. ते ऐकून ती हसली. भिजलेली, लालबुंद झालेली, नाकातून पाणी गळतंय, आणि हसतेय. मग मीही सुटले. फाटकात निम्मा बाजार जमला होता आणि त्यातल्या कोणीतरी हे सगळं मोबाइलवर घेतलं होतं.

संध्याकाळपर्यंत गावातल्या प्रत्येक फोनवर ते वाक्य वाजत होतं. दोन दिवसांनी धर्मशाळेत लग्न लागलं. नवरदेवाने सतरंजीवर पाय ठेवला आणि मागून कोणीतरी ओरडलं, “भिया, संभल के, लॉन खराब हो जाएगा!” पंडितजींचा मंत्र अर्ध्यात तुटला आणि नवरीचा घूंघट गदगदा हलायला लागला.

सासूबाई मात्र त्या टँकरच्या दिवशी गंभीर. घरी आल्या, टँकरमधून भरून आणलेल्या पाण्याने हात-पाय धुतले, जेवायला बसल्या. मी पोळी वाढत होते. त्यांनी घास उचलला आणि तो तसाच हातात राहिला. खांदे हलायला लागले. मला वाटलं ठसका लागला, मी पाणी आणायला धावले. तर त्या हसत होत्या. “मतलब बताओ,” एवढंच त्यांच्या तोंडून फुटलं, “आणि... आणि बसला गं तो!” डोळ्यांतून पाणी, पदर तोंडात. मी त्यांच्या घरात येऊन बरीच वर्षं झाली होती, पण त्यांचे सगळे दात मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.

मिस्टरांना हे पसंत नव्हतं. “आपण बाहेरची माणसं,” ते म्हणाले. “बाबा नोकरीसाठी महाराष्ट्रातून आले, आपण नोकरी करावी, गप राहावं. पॉलिटिक्स आपलं काम नाही.”

“बाहेरची?” सासूबाईंनी डोळे पुसले. “या गावातल्या दोन पिढ्यांचे कान मी पिळलेत. बाहेरची म्हणे.”

गोष्ट नुसत्या लॉनची नव्हतीच. परिषदेचे सफाई कामगार गार्डनमध्ये झाडायचे आणि आमच्या गल्लीत डुकरं फिरायची. कचऱ्याची गाडी गार्डनचे मंडपाचे बांबू वाहायची. रस्त्यावरचे नवे दिवे लागले ते गार्डनच्या फाटकापर्यंत, पुढे अंधार. लोकांनी वर तक्रारी केल्या होत्या. विचारलं की उत्तर एकच: “जाँच चल रही है.” ती जाँच इतकी चालली होती की एव्हाना नर्मदेची परिक्रमा करून आली असती.

पण मध्य प्रदेशात एक सोय आहे. लोकांनी निवडलेला अध्यक्ष लोकांना मुदतीआधी घरी पाठवता येतो. वॉर्डावॉर्डातून निवडून आलेल्या पार्षदांपैकी चारातल्या तिघांनी अर्जावर सह्या करून कलेक्टरसमोर जाऊन सांगायचं की हा अध्यक्ष नको, मग गावाचं मतदान. मतदानात उमेदवार नसतात. दोन चित्रं असतात: एक रिकामी खुर्ची, एक माणूस बसलेली खुर्ची. लोक त्याला ‘खाली कुर्सी-भरी कुर्सी’ म्हणतात. अध्यक्ष नको असेल तर रिकाम्या खुर्चीचं बटण दाबायचं. बाकीचे पार्षद आपापल्या रागाने तयार होतेच. गणित अडत होतं एका मतावर, आणि ते मत आमच्या वॉर्डाच्या पार्षदबाईंचं होतं.

ती शिवणकाम करणारी, लाजरी बाई. निवडून ती आली होती, पण परिषदेच्या बैठकीत तिच्या जागी तिचा नवरा जाऊन बसायचा. सह्यासुद्धा तोच ठोकायचा. आणि नवरा अध्यक्षांच्या गोटातला.

ती महिन्यातून एकदा माझ्याकडे भुवया करायला यायची. एके दिवशी मी धाग्याचं एक टोक दातात धरलेलं, तिने स्वतःच्या कपाळाची कातडी दोन्ही हातांनी ताणलेली. दोघींनाही बोलता येण्यासारखं नव्हतं. सासूबाईंना अशी संधी पुन्हा कधी मिळणार? त्यांनी स्टूल ओढला आणि समोर बसल्या.

“चुनाव किसने जीता?” त्यांनी विचारलं.

पार्षदबाईने डोळ्यांनीच स्वतःकडे दाखवलं.

“तो तुम्हारे मन का कौन बोलेगा? तुम्हारा आदमी?”

मी धागा चालवत होते. बाईच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण ते तर भुवया करताना सगळ्यांच्याच येतं. धागा थांबला तेव्हा तिने आरशात बघितलं, एक भुवई झालेली, एक व्हायची राहिलेली, आणि म्हणाली, “बेनजी, देवास की बस कितने बजे है?”

ठरलेल्या दिवशी ती घरी “पार्लर जा रही हूँ” म्हणून निघाली आणि आमच्या दोघींबरोबर बसमध्ये चढली. बस नेमकी मिस्टरांची रोजची. ते खिडकीशी बसले होते. आम्हाला पाहिलं आणि पेपर असा उघडून धरला की त्यांच्या गुडघ्यांशिवाय काही दिसेना. देवासची टेकडी दिसायला लागली, सासूबाईंनी बसल्या जागेवरून टेकडीवरच्या देवीला हात जोडले आणि पेपराला उद्देशून म्हणाल्या, “तू पण जोड. तोंड दाखवायला नको, हात दाखवले तरी चालतील.” पेपराच्या दोन बाजूंनी दोन हात आले, जोडले गेले, परत गेले. पार्षदबाई घाबरून थिजली होती, ती हे बघून इतकी हसली की कंडक्टरने विचारलं, “शादी में जा रिया हो क्या?”

कलेक्टर ऑफिसात एकेका पार्षदाला आत बोलवत होते. दार अर्धं उघडं होतं, आम्ही बाहेर बाकावर. साहेबांनी विचारलं, हे दस्तखत तुमचेच का. ती म्हणाली, “जी, मेरे.” मग साहेबांनी विचारलं, कोणाच्या दबावाखाली तर करत नाही ना?

 सासूबाईंनी माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली.

“साहब,” पार्षदबाई म्हणाली, “दबाव में तो आज तक थे.”

ती बाहेर आली. व्हरांड्यात पोहोचताच तिला हसू फुटलं. मला फुटलं, सासूबाईंना फुटलं. शिपाई येऊन म्हणाला, “बाई, ये ऑफिस है.” आम्ही तोंडावर पदर घेतले आणि जिन्यावर बसून आणखी हसलो. खाली उतरलो तर मिस्टर उभे. कारखान्यातून अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकून आले होते, हातात गरम कचोऱ्यांचा पुडा. “भूक लागली असेल,” ते म्हणाले. 

गावात परतलो तर बसस्टँडवर पार्षदबाईचा नवरा. “पार्लर में इतना टाइम?”

“अच्छी बनवाने में लगता है,” ती म्हणाली, आणि आपल्या भुवया उंचावून त्याला दाखवत पुढे निघाली.

कागद भोपाळला गेले, आले, पुन्हा गेले. पावसाळा गेला, दिवाळी गेली, आणि ऐन थंडीत मतदान लागलं. मग आमच्यापुढे असा प्रश्न आला की जो मी कधी कोणाला पडलेला ऐकला नव्हता. रिकाम्या खुर्चीचा प्रचार करायचा कसा? तिला हात जोडता येत नाहीत, भाषण करता येत नाही, ती कोणाच्या लग्नाला गेलेली नाही, कोणाच्या मयतीला आलेली नाही.

सासूबाई घरोघरी समजवायला निघाल्या. एका आजीबाईंनी त्यांची उलटतपासणीच घेतली.

“कुर्सी पे कुण बेठेगो?”

“अभी कोई नहीं.”

“तो म्हूँ वोट कणे दूँ?”

“खाली कुर्सी को.”

“जीती जायगी तो पाणी देगी?”

सासूबाईंनी जरा विचार केला. “देगी तो नहीं,” त्या म्हणाल्या, “पर लॉन में भी नहीं डालेगी.”

आजीबाई एवढ्या खूश झाल्या की त्यांनी आम्हाला गूळ दिला आणि ते उत्तर संध्याकाळपर्यंत आमच्या आधीच पुढच्या गल्लीत पोहोचलं.

मिरवणुकीसाठी खुर्ची हवी होती. प्लास्टिकची खुर्ची वाऱ्याने उडाली असती, शाळेच्या खुर्च्या सरकारी. शेवटी माझी पार्लरचीच खुर्ची निघाली, ती गोल फिरणारी. चौघांनी ती उचलून लोडिंग रिक्षात ठेवली, दोरीने बांधली, झेंडूचा हार घातला. खालचा भाग बांधला गेला, पण वरचं आसन मोकळंच. रिक्षा पहिल्या वळणावर वळली आणि खुर्ची गरकन फिरली. लोकांनी टाळ्या पिटल्या. पुढच्या वळणावर उलटी फिरली. गच्चीवरच्या बाया ओरडल्या, “कुर्सी नाची री हे!” मग रिक्षावाल्यालाच चेव आला, तो सरळ रस्त्यावरही नागमोडी चालवायला लागला. आमची एप्रिलमधली नवरी माहेरी आली होती. तिने लग्नातल्या बन्ना-बन्नीच्या गाण्यांच्या चालीवर तिथल्या तिथे जोडलं: “खाली कुर्सी खाली रे, नल में आवे पाणी रे.” ढोलवाल्यांनी चाल पकडली. सासूबाई रिक्षाच्या बाजूने चालत होत्या आणि दर दहा पावलांना हार नीट करत होत्या, जसा शाळेच्या वार्षिकोत्सवात मुलांचा फेटा नीट करावा.

अध्यक्षांचे लोकही गप्प नव्हते. त्यांचं चिन्ह भरी कुर्सी. त्यांनी गार्डनमधलं नवरदेवाला बसवायचं लाल-सोनेरी सिंहासन ट्रॅक्टर-ट्रॉलीवर चढवलं आणि त्यात अध्यक्षांच्या काकांना बसवलं. काका जाडजूड, प्रेमळ माणूस. त्यांना सांगून ठेवलं होतं की काही झालं तरी उठायचं नाही, कारण उठलात तर चिन्हच जातं. ते सकाळपासून शाल गुंडाळून थंड वाऱ्यात बसले होते.

दोन्ही मिरवणुका बाजारात समोरासमोर आल्या. रस्ता अरुंद, मागे हटायला जागा नाही. आणि मध्ये गराडूची गाडी. गराडू म्हणजे आमच्याकडचा थंडीतला कंद. तुपातेलात तळून, मसाला भुरभुरून, वर लिंबू पिळून देतात. कढईत तुकडे तडतडत होते आणि वास असा सुटला होता की दोन्हीकडच्या घोषणा जरा मंदावल्या. काकांचं नाक शालीतून बाहेर आलं.

सासूबाईंनी ते पाहिलं. त्या ट्रॉलीजवळ गेल्या आणि अगदी घरच्या पाहुण्याला विचारावं तसं विचारलं, “काकासाब, गराडू लोगे?”

काकांनी डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. पुतण्या दूर पुढाऱ्यांशी बोलत होता. त्यांनी शाल आवरली, ट्रॉलीच्या फळीला धरून एक पाय खाली सोडला, मग दुसरा, आणि हळूच म्हणाले, “नींबू जादा डलवाना, बेनजी.”

सिंहासन मागे रिकामं. आधी कोणाच्या लक्षात आलं नाही. मग एका माणसाने बोट दाखवलं आणि असा ओरडला की पारव्यांचा थवा उडाला: “अरे भिया, खाली हो गई!”

त्यानंतर बाजाराने जो दंगा केला तो मी शब्दांत सांगू शकत नाही. दोन्ही बाजूंचे ढोलवाले भाऊ-भाऊच निघाले, त्यांनी एकच ठेका धरला. अध्यक्षांचेच कार्यकर्ते पोट धरून भिंतीला टेकले. सलूनवाला रस्त्यात बसला. काकांच्या तोंडात गरम तुकडा, त्यांना हसायलाही येईना आणि गिळायलाही येईना, ते नुसते द्रोण उंच धरून सगळ्यांना आशीर्वाद दिल्यासारखे हलवत होते. मी पोटात कळ येईपर्यंत हसले. माझी खुर्ची रिक्षात आपली आपण फिरत होती.

मतदानाच्या आदल्या दिवशी दुपारी अध्यक्ष आमच्या घरी आले. एकटेच, हातात मिठाईचा डबा. वाकून सासूबाईंच्या पाया पडले. मी पार्लरचा पडदा ओढून आतच उभी राहिले.

“बेनजी,” ते म्हणाले, “आपने मुझे उँगली पकड़ के लिखना सिखाया. अब आप ही मुझे गिराओगी?”

त्यांचा आवाज खराच भरून आला होता. मला क्षणभर त्यांची दया आली. सासूबाईंनी त्यांना बसायला सांगितलं.

“गिरा नहीं रहे, बेटा,” त्या म्हणाल्या. “उठा रहे हैं. बचपन में तो बोलते ही खड़े हो जाते थे.”

अध्यक्ष हसले, पण ते हसू टिकलं नाही. “गलती हो गई, मानता हूँ.”

“यहाँ मानते हो. चौक में जाके मान लो. मैं खुद लोगों से बोलूँगी कि एक मौका दो.”

ते डब्याच्या दोरीशी चाळा करत राहिले. मग उठले. सासूबाईंनी डबा उघडला, एका पेढ्याचे दोन तुकडे केले, एक त्यांच्या हातावर ठेवला, एक स्वतः खाल्ला, आणि डबा परत दिला. ते गेल्यावर त्या दारात उभ्या राहिल्या. “हुशार होता गं,” मला म्हणाल्या. “पाढे धडाधडा म्हणायचा. चुकला की रडायचा. कधी बंद झालं रडणं, कोण जाणे.” त्या दुपारी मात्र आम्ही हसलो नाही.

दुसऱ्या दिवशी माहेश्वरी साडी नेसून त्या रांगेत पहिल्या. मिस्टर त्यांच्या मागे, पेपर न घेता. निकाल लागला तेव्हा आम्ही मोजणीच्या शाळेबाहेर, गर्दीत. रिकामी खुर्ची भरभरून निवडून आली होती. पार्षदबाईने मला मिठी मारली, मी कोणाला मारली मला ठाऊक नाही. ढोल सुरू झाला. वळून बघते तर सासूबाईंनी पदर खोचलेला, चष्मा मिस्टरांच्या खिशात, आणि दोन्ही हात वर करून त्या नाचत होत्या. नाच म्हणजे मंगळागौरीचा, फुगडीचा, वरातीचा, सगळ्यांचा मिळून एक काहीतरी. त्यांनी मलाही ओढलं. आम्ही हात धरून गरगर फिरलो, गुलाल नाकातोंडात गेला, आणि मला आसपासचं गाव दिसेनासं झालं, फक्त त्यांचा लाल झालेला चेहरा आणि मागे सगळं फिरतंय. दुसऱ्या दिवशी त्यांचे गुडघे भोपळ्यासारखे सुजले. मी तेल लावत होते आणि प्रत्येक वेळी “आई गं” म्हणताना त्या मध्येच खुदकन हसत होत्या.

पुढे काय झालं ते सांगायला हवं, कारण लोक विचारतात. काही महिने तहसीलदारांनी कारभार बघितला. पाणी दिवसाआड यायला लागलं. मग पोटनिवडणूक झाली, नवा अध्यक्ष आला. तो फोन उचलतो, एवढं मी त्याच्या बाजूने सांगेन. रामराज्य काही आलं नाही. उन्हाळ्यात अजूनही ओढाताण होते, पण टँकर आता भरतो तो गल्लीतच रिकामा होतो, आणि तसा झाला नाही तर सगळ्यांना माहीत आहे की बेनजी अजून चालू शकतात. जुन्या तक्रारींची जाँच मात्र चालूच आहे. पार्षदबाई स्वतः बैठकीला जाते. तिचा नवरा त्या वेळी दुकानात बसून ब्लाउजांना हूक लावतो, आणि म्हणे चांगले लावतो.

निकालानंतर काही दिवसांनी, एका दुपारी, माजी अध्यक्षांची बायको पार्लरच्या दारात उभी राहिली. ती माझी जुनी गिऱ्हाईक.  ती खुर्चीत बसली, मान मागे टाकली आणि म्हणाली, “फेशियल. अच्छा वाला.”

मी क्रीम लावलं, मसाज सुरू केला.  मग डोळे मिटूनच ती म्हणाली, “भाभी, एक बात बोलूँ? हटाया, ठीक किया. पर हटा के रखोगे कहाँ, ये भी तो सोचना था.”

“मतलब?”

“दिनभर घर में बैठते हैं. दाल का नमक चखते हैं. कामवाली की हाजिरी लेते हैं. कल पूछ रहे थे, फ्रिज में नींबू कितने हैं और किसकी मंजूरी से आए.”

मी ओठ दाबून धरले. पण हात थरथरायला लागले आणि ते तिच्या गालाला कळलं. तिचाही गाल थरथरला. “हँस लो,” ती म्हणाली, “मैं भी रसोई में जा के हँसती हूँ.” आणि आम्ही दोघी अशा सुटलो की आतून सासूबाई विचारत आल्या, काय झालं. तिने लिंबाचं पुन्हा सांगितलं. सासूबाई स्टुलावर बसल्या, पदर तोंडाला लावला, आणि म्हणाल्या, “उसको शाम को इधर भेज दिया करो. मोहल्ले के बच्चों को पाढे सिखाएगा.”

तिने हसता हसता मान जोरात हलवली, क्रीम तिच्या डोळ्यात गेलं, आणि मला सगळं पुसून मसाज पहिल्यापासून करावा लागला.